व्हिस्कॉसिटी प्रिंट: दुपारी पिवळ्यावर निळा चढतो

जस्तपाटी (सांगली)
व्हिस्कॉसिटी प्रिंट, म्हणजे वेगवेगळ्या दाटपणाच्या शाया एकाच प्लेटवर लावून एकदम छापायच्या. झिंकची प्लेट, 30 × 40 सेंमी, नायट्रिक ॲसिडने तीन पातळ्यांवर एच केलेली (कोरलेली). प्लेट कोमट करून खाचांत काळी शाई भरायची आणि पुसायची, मग कडक रोलरने पिवळी, त्यावर मऊ रोलरने निळी. दोन्ही रोलर 7 सेंमी व्यासाचे. पिवळ्यात डबल बॉइल्ड जवसाचे तेल, निळी डब्यातून काढली तशीच. सकाळी आठच्या प्रती स्वच्छ येतात. अकरानंतर निळी पिवळीवर बसून शेवाळी रंग होतो. शिवाय 40 च्या बाजूने साधारण 22 सेंमीवर आकृतीची फिकट सावली दिसते, ती मात्र सकाळीही असते. 15 प्रतींची आवृत्ती एक अनुभवी छपाईकार काढणार आहेत. त्यांना काय लिहून द्यावे, आणि प्रिंटवर त्यांचा उल्लेख कसा करतात?

शाई_सुरी
दुखणी दोन आहेत, औषधही वेगवेगळे.

सावली हा नुसता हिशेब आहे. 7 × 3.14 म्हणजे 22. तिथे रोलरचा एक फेरा संपतो. उंच भागांवर शाई सोडून रोलर रिकामा झालेला असतो, आणि ती रिकामी आकृती दुसऱ्या फेऱ्यात पुढे उमटते. 40 च्या बाजूने लावायचे तर व्यास 13 सेंमी हवा. 30 च्या बाजूने लावलेत तर 10 सेंमीत भागते, पण रोलरची लांबी 40 पेक्षा जास्त लागेल. पाइपवर नायट्राइल रबर चढवून ग्राइंड करून घ्या. कुपवाड एमआयडीसीत चौकशी करा. कडकपणा शोअर ए मापात सांगा: मऊ 20 ते 25, कडक 60 च्या आसपास. साधे रबर तेलाने फुगते.

आता रंग. तेलकट पातळ शाई आधी, घट्ट शाई नंतर, हा क्रम तुमचा बरोबर आहे. कडक रोलर उंच भागांनाच लागतो, मऊ रोलर खोलातही पोचतो. घट्ट शाई तेलकट शाईवर बसत नाही, म्हणून निळी फक्त खोल भागात उतरते. पण दोघींच्या दाटपणात फरक राहिला तरच. बॉइल्ड तेलात ड्रायर (लवकर सुकवणारे द्रव्य) असतो, त्यामुळे शाईच्या काचेवर पसरलेली पिवळी उन्हाळ्यात तासा-दोन तासांत चिकट व्हायला लागते. तिकडे निळी उष्णतेने सैल होते. दोघी एकमेकींकडे सरकल्या की संपले.

कच्चे जवसाचे तेल घ्या. 50 ग्रॅम पिवळीत 10 ग्रॅमने सुरुवात करा, सुरीवरून काकवीसारखी धार पडेपर्यंत थेंब-थेंब वाढवा. निळीत चिमूट-चिमूट मॅग्नेशियम कार्बोनेट मळा. सुरी उलटी धरली तरी लोंबता कामा नये. केरोसीन अजिबात नको, ते उडून जाते आणि दर दहा मिनिटांनी शाई बदलते. प्लेटला हात लावण्याआधी काचेवर पिवळीचा पट्टा ओढून त्यावरून निळा रोलर आडवा फिरवा. पट्टा पिवळाच राहिला तर पुढे जा.

तिसरी_पातळी
वरच्या उत्तरात एक राहिले: कोमट प्लेट. पुसून झाल्यावर ती पूर्ण थंड होऊ द्या, मगच रोलर. गरम धातूवर कितीही घट्ट निळी ढिली पडते. मऊ रोलर एकदाच फिरवायचा, परत मागे आणायचा नाही. दर प्लेटनंतर तो पुसून नव्याने शाई घ्या, नाहीतर त्यावरची पिवळी निळीच्या काचेवर जाते.

आणि झिंकवर पिवळा स्वतःच हिरवट-मळकट होऊ शकतो, विशेषतः प्लेटवर घासून पुसला तर. रोलरने लावलेल्या पिवळ्यात हे कमी दिसते. तरी एक प्रूफ (चाचणीची प्रत) फक्त पिवळ्याचे काढा, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल.

खोल एचिंगला कागद 300 जीएसएमचा, सुती. भिजवून रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये उघडा ठेवला तर कडा आधी सुकतात आणि खालच्या पातळीतली निळी उचललीच जात नाही.

दगडछाप (सातारा)
उल्लेखाबद्दल. मनासारख्या प्रतीवर चित्रकार ‘बाँ आ तिरे’ (फ्रेंचमध्ये ‘छापायला योग्य’) लिहून सही करतो. पुढच्या पंधराही प्रती छपाईकार तिच्याशी ताडून काढतो. ती प्रत बहुतेकदा त्याच्याकडेच राहते. कोपऱ्यात त्याचा बिनशाईचा उठावाचा शिक्का येतो, आणि आवृत्तीच्या नोंदीत नाव. हे मेहेरबानी म्हणून करायचे नसते. व्हिस्कॉसिटी छपाईची पद्धतच मुळी पॅरिसच्या अतेलिए 17 या छपाई-कार्यशाळेत, हेटर, कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कैको मोती या चित्रकारांच्या एकत्र खटपटीतून आली. त्यात एकट्याचे नाव पुढे करणे मला पटत नाही. अमेरिकन चित्रकार रॉशेनबर्गच्या 1963 च्या ‘ॲक्सिडेंट’ या प्रिंटमध्ये लिथोचा (दगडावरून छापण्याच्या पद्धतीचा) दगडच फुटला, आणि तो फुटका दगड छापून दाखवणारे हात छपाईकारांचे होते.

लिहून द्यायचे ते वजनात द्या: शाई किती ग्रॅम, तेल किती, खोलीचे तापमान, रोलरचा क्रम आणि दिशा. ‘थोडे तेल’ असे लिहू नका. प्रत्येकाचे थोडे वेगळे असते.

जस्तपाटी
एकट्या पिवळ्याचे प्रूफ स्वच्छ आले, म्हणजे दोष झिंकचा नाही. मॅग्नेशियम कार्बोनेट कुठे मागायचे?

शाई_सुरी
प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे, ‘लाइट’ म्हणून मागा. जिममध्ये हाताला चोळतात ती पूड मुळात हीच, पण तिच्यात कधी कधी भेसळ असते. निळीत गुठळ्या झाल्या तर मग पुन्हा इथे याल.