एगड्रॉप: काढून टाकलेला होस्टमास्क परत कसा येतो?

नवाचालक:
आमच्या आयआरसी (मजकुरी गप्पांचे जाळे) चॅनेलवर तीन एगड्रॉप बॉट (चॅनेल सांभाळणारे स्वयंचलित प्रोग्राम) चालतात. एक हब (मुख्य बॉट) आहे, दोन लीफ (त्याला जोडलेले बॉट) आहेत आणि तिघांची युजरफाइल, म्हणजे सदस्यांच्या नोंदींची फाइल, सामायिक आहे. एका सदस्याचा पत्ता सारखा बदलतो, म्हणून मी त्याच्या नोंदीत ‘*!*@*.उदाहरण.नेट’ असा सैल होस्टमास्क (पत्ता ओळखण्याचा नमुना, त्यात * म्हणजे काहीही) घातला. त्याच सेवेवरून आलेल्या एका अनोळखी माणसाला बॉटने आल्याआल्या ऑप (चॅनेल चालवण्याचे अधिकार) दिले. मी लगेच लीफच्या पार्टीलाइनवरून (बॉटला आज्ञा देण्याच्या जागेवरून) तो मास्क काढला. मात्र त्या वेळी, बहुधा नेटस्प्लिटमुळे (आयआरसी सर्व्हरांची आपसांतली जोडणी तुटल्याने), लीफचा हबशी दुवा तुटलेला होता. दुवा पुन्हा जुळला आणि मास्क जागच्या जागी हजर! हा दोष आहे का?

जुनीतार:
दोष नाही. सामायिक युजरफाइलीत हब आक्रमक आणि लीफ निष्क्रिय असतो, म्हणजे दुवा जुळताच हब आपली फाइल पाठवतो आणि लीफची नोंद त्याखाली गाडली जाते. दुवा चालू असताना केलेला बदल दोन्हीकडे पोहोचतो. तुटलेला असताना लीफवर केलेला बदल मात्र हबच्या कानावर जातच नाही. त्यामुळे अशी दुरुस्ती नेहमी हबवर करावी, आणि लीफवरच करायची वेळ आली तर आधी ‘.बॉटट्री’ (जोडलेले बॉट दाखवणारी आज्ञा) देऊन दुवा शाबूत असल्याची खात्री करावी. नेटस्प्लिटला उगाच दोष देऊ नका. तो आयआरसी सर्व्हरांमधला असतो, आणि बॉट एकमेकांशी थेट, वेगळ्या जोडणीने बोलतात.

मास्कवाला:
खरा प्रश्न मास्क परत आल्याचा नसून तो घातल्याचा आहे, असे माझे मत आहे. एगड्रॉप नुसत्या टोपणनावावरून कोणालाच ओळखत नाही. टोपणनाव, आयडेंट (जोडणीतले वापरकर्तानाव) आणि होस्ट (जोडणीचा पत्ता) हे तिन्ही मिळून नोंदीतल्या मास्कशी जुळले, की त्या माणसाला तो हँडल (बॉटच्या नोंदीतले नाव) मिळतो. अनेक नोंदी जुळल्या तर सर्वांत नेमका मास्क जिंकतो, त्यामुळे तुमच्या सैल मास्कने इतर सदस्यांची ओळख बिघडली नसावी. पण ज्याची नोंदच नाही, असा प्रत्येक पाहुणा त्याच्या जाळ्यात सापडतो. त्या सदस्याला स्वयंचलित ऑपचा ‘ए’ ध्वज दिलेला दिसतो, तो काढा आणि फक्त ‘ओ’ ठेवा. मग त्याने बॉटला खाजगी संदेशात पासवर्ड देऊन ऑप मागावे. बॉटवर ‘आयडेंट’ आज्ञा चालू केलेली असेल, तर पत्ता बदलल्यावर तिने, पुन्हा पासवर्ड देऊनच, तो स्वतः नवा मास्क जोडू शकेल. त्या नेटवर्कवर नोंदणीकृत खात्याला कायमचा क्लोक (खऱ्या पत्त्याऐवजी दिसणारा ठरलेला पत्ता) मिळत असेल, तर त्याच क्लोकचा मास्क घालावा, म्हणजे बदलत्या पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. पासवर्ड पाठवताना समोर आपलाच बॉट आहे ना, हे मात्र ‘हूइज’ने (कोणाचीही माहिती दाखवणाऱ्या आयआरसी आज्ञेने) पाहावे, तो बंद असताना त्याचे टोपणनाव घेऊन कोणीही बसू शकते.

नवाचालक:
हबवरून मास्क काढला, ‘ए’ ध्वजही काढला. ‘.मॅच’ (नोंदी शोधणारी आज्ञा) चालवल्यावर असेच सैल मास्क आणखी दोन नोंदींत सापडले, आणि त्यातली एक माझी स्वतःची, मालकाच्या ध्वजासह होती.

जुनीतार:
ती आजच दुरुस्त करा आणि आपला पासवर्डही बदला, अर्थात हबवरूनच.