बाबांच्या गळ्यातली कावीळीची माळ काढू का?

कुहीकर
गाव कुही तालुक्यात, मी कामाला हिंगणा एमआयडीसीत. परवा घरी गेलो तर बाबांचे डोळे हळदीसारखे पिवळे. आठ दिवस मला फोनवर कोणी बोललं नाही, "तुझी सुट्टी बुडंन" म्हणून. तोवर बाजूच्या गावच्या म्हाताऱ्याची माळ बांधून झाली होती. कसल्यातरी काड्यांच्या तुकड्यांची, पहिल्या दिवशी डोक्यावर टोपीसारखी बसायची. आता बेंबीपर्यंत आली आहे. चुन्याच्या पाण्यात हात धुतले तर पाणी पिवळं झालं, हे अख्ख्या मोहल्ल्यानं पाहिलं. आई म्हणते, "निघून राहिली ना कावीळ, मंग दवाखान्यात काहून नेतं?"

मी तरी काय बोलू? मागच्या वर्षी आईच्या तापात एका दवाखान्यात सकाळी गेलो, दुपारी नंबर आला, डॉक्टरनं मान वर न करता गोळ्या लिहिल्या. एक मजुरी गेली, गाडीभाडं वेगळं. हा म्हातारा बाजेवर बसवून अर्धा तास विचारपूस करतो आणि नारळ घेतो. त्यात रोवणीचे दिवस. घरी आई, भाऊ आणि वहिनी (सातवा महिना). माळ जबरदस्तीनं काढू का?

धानवाला, मौदा
काढू नको राजा. आमच्या काकानं आजोबांची तोडली होती, आजोबा दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. रक्त हातातून काढतात, माळ गळ्यात असते. राहू दे.
ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. मी तशीच एक बनवून टेबलाच्या पायाला घातली होती. टेबलाची कावीळ चार दिवसांत उतरली. आणि हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावला की चुन्याचं पाणी पिवळं होतंच.

उमरेडची सिस्टर
सगळे माळेवर बोलून राहिले, वहिनीकडे कोणाचंच लक्ष नाही! पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हाताऱ्याचं यश तेवढंच. पण तीच ई गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. आजपासून घरात पाणी उकळून. आशाताईला सांग, गावात आणखी कोणाचे डोळे पिवळे आहेत का ते बघतील, पाण्याचा नमुनाही जाईल.
बाबांना पोटात झाडपाला किंवा नाकात थेंब देत असेल तर ते मात्र बंद कर, काही वनस्पती यकृतालाच बाधतात. गुंगी आली, असंबद्ध बोलले, उलट्या थांबेनात, तर रोवणी सोडून 108 लाव.

कुहीकर
चार दिवसांनी लिहितोय. बाबांना म्हटलं, वहिनीला तपासायला न्यायचं आहे, तुम्ही सोबत चला. सुनेसाठी म्हटल्यावर निमूट गाडीत बसले. तिथं गेल्यावर दोघांचंही रक्त दिलं. माळ शर्टाच्या आत होती, कोणी काही विचारलं नाही. वहिनीचं ठीक आहे, बाबांचा एक रिपोर्ट उद्या मिळेल. मोहल्ल्यात आणखी दोघं पिवळे निघाले. आमची नळाची पाइप नालीतून गेली आहे, हे इतकी वर्षं रोज पाहत होतो.
काल म्हातारा माळ बघायला आला होता. आईनं त्याला चहा दिला, आणि प्यायला तांब्याभर उकळलेलं पाणी.