डिशच्या आधी केबल आणि अर्थिंग

खानापूरजवळच्या शेतघरापासून पाच किलोमीटरवरील घरापर्यंत ५.८ गिगाहर्ट्झची बिनतारी डेटा लिंक उभारण्यासाठी रेडिओ खोलीत आणि डिश खांबावर ठेवावी, असा आपला बेत दिसतो. माझ्या मते तो सोडून द्यावा; कारण या वारंवारितेवर एलएमआर-४०० सारखी जाड कोअ‍ॅक्सिअल केबलही दर मीटरला सुमारे ०.३५ डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटरमध्ये निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच संपते. रेडिओ डिशच्या पाठीमागेच बसवून खाली शिल्डेड आउटडोअर कॅट-६ नेटवर्क केबल आणावी. पीओईने (पॉवर ओव्हर इथरनेट) वीज आणि डेटा दोन्ही त्याच केबलमधून शंभर मीटरपर्यंत जातात.

आमच्या पहिल्या लिंकचा सिग्नल पहिल्याच पावसाळ्यात घसरला, तेव्हा दोष डिशचा समजून मी दोन दिवस दिशाच जुळवत बसलो. शेवटी कनेक्टर उघडला, तर आतून पाण्याचे थेंब गळाले आणि पिन हिरवी पडली होती. तेव्हापासून प्रत्येक जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप गुंडाळतो आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देतो, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते.

वळवाच्या विजांसाठी खांबाला अर्थिंग आणि केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला जादा दाब जमिनीत वळवणारे उपकरण) हवाच. खांबाची उंची ठरवताना, मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती लहरी पसरतात त्या लंबगोल जागेची) त्रिज्या सुमारे आठ मीटर असते आणि तिचा किमान साठ टक्के भाग मोकळा लागतो, हे धरावे. वाटेतली झाडे पावसाळ्यातल्या पालवीसह मोजावीत.