आर्किटेक्चरचे सर रिटायर होताहेत, सन्मान कसा करायचा?

टी_स्क्वेअर: आमचे डिझाइन स्टुडिओचे सर यंदा रिटायर होताहेत. उत्कृष्ट अध्यापनासाठी सन्मान करायचाय, सगळ्या बॅचेसना गोळा करायचं काम मी अंगावर घेऊन बसलोय. मानपत्राचा मसुदा आलाय, त्यात 'ज्ञानाचा सागर' वगैरे, सर स्वतःच लाल पेन्सिल काढतील :) त्यांनी बांधलेल्या इमारती फार नाहीत, मग दाखवायचं काय?

बटरपेपर: इमारती कशाला, जुनी ड्रॉइंग शीट्स शोधा ना! माझा सेकंड इयरचा प्लॅन अजून आहे, वर बटर पेपर, म्हणजे ट्रेसिंगचा पातळ कागद, टाकून सरांनी जिना फिरवून दिलेला. त्याआधी मात्र खडूने माझ्याच प्लॅनमधल्या मापाचा ट्रेड (पायरीची पाय ठेवायची रुंदी) फरशीवर आखायला लावला, २२ सेंटीमीटर, आणि म्हणाले ठेव पाय. टाच बाहेर! दोन रायझर (पायरीची उंची) अधिक एक ट्रेड म्हणजे साधारण ६० ते ६३ सेंटीमीटर हे पाठ होतं हो, माझं ५४ भरत होतं आणि मी तसंच शीटवर छान इंक करून आणलेलं.

जुना_स्केल: इमारती नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. अमेरिकेत एआयए (आर्किटेक्ट्सची संस्था) आणि एसीएसए (आर्किटेक्चर कॉलेजांची संघटना) मिळून १९७६ पासून वास्तुशिक्षणासाठी टोपाझ मेडॅलियन देतात, त्यात शिकवण्याचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम झाला हेच बघतात. आपल्याकडे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं २०१८ चं प्रित्झकर, आर्किटेक्चरचं सगळ्यात मोठं पारितोषिक, सगळ्यांना पाठ, पण १९६२ ला त्यांनी अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर काढलं ते किती जण आठवतात? प्रत्येकाकडून एक पत्र घ्या, एकच प्रसंग. 'सर फार प्रेमळ' टाइप पत्रं सरळ परत पाठवा.

ज्युरीग्रस्त: प्रेमळ?? मी त्यांच्या ज्युरीत, म्हणजे सगळ्यांसमोर काम तपासतात त्यात, दोनदा रडलोय. तीन रात्री जागून केलेल्या मॉडेलचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं न् विचारलं, आत ऊन कुठून येतं. शीटवर नॉर्थच, म्हणजे उत्तर दिशाच, दाखवली नव्हती मी, चूक माझीच, पण एवढ्या लोकांसमोर करायची गरज नव्हती. हेही लिहिणार असाल तर सही करतो.

टी_स्क्वेअर: @ज्युरीग्रस्त लिहा, काही कापणार नाही. मानपत्र रद्द, शीट्स आणि पत्रं लावतोय. @बटरपेपर तो प्लॅन स्कॅन नको, मूळच आणा, बटरसकट.

बटरपेपर: आणतो, पण परत पाहिजे हां.