ससे पाळणाऱ्यांनी वाचावं असं काय आहे? (‘ससेपालन व्यवसाय’ सोडून)

भुसावळकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

आमच्याकडे दोन ससे आहेत. पांढरा तो कापूस, तपकिरी ती ढेप. नावं लेकीने ठेवलीत, ती सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाने भाचीच्या वाढदिवसाला आठवडे बाजारातून आणले. विकणाऱ्याने ठासून सांगितलं होतं, दोन्ही माद्या आहेत, काही टेन्शन नाही.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी ढेप तोंडात वाळकं गवत धरून कोपऱ्यात येरझाऱ्या घालत होती. सासूबाई म्हणाल्या, "माय वं, हे तं घर बांधून राह्यली." मला वाटलं खेळतेय. सकाळी बघितलं तर छातीचे केस उपटून केलेलं गुबगुबीत घरटं आणि आत पाच पिल्लं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, अंगठ्याएवढी.

आणि ढेप त्यांच्याकडे फिरकेना. दिवसभर लक्ष ठेवलं, ती आपली दुसऱ्या टोकाला पाय पसरून पडलेली. आईने टाकली असं समजून आम्ही ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. दोन पिल्लं त्यातच गेली. एकाच्या नाकातून दूध आलेलं अजून डोळ्यांपुढे आहे. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार म्हणून पहाटे उठले, तर ढेप घरट्यावर उभी आणि खाली उरलेली तिघं उताणी होऊन चुटूचुटू पितायत. तीन-चार मिनिटं चाललं असेल. मग टुणकन बाहेर, जशी काही ओळखच नाही. पुढे कळलं की सशाची मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते आणि तेवढं पिल्लांना पुरतं. एवढं एक वाक्य आधी वाचलेलं असतं तर मी ड्रॉपर हातात घेतला नसता.

तिन्ही पिल्लं आता ओळखीच्या घरी मजेत आहेत. कापसाचं ऑपरेशन नाशिकला नेऊन करून आणलं. तो विषय संपला, पण वाचण्याचा राहिला.

मराठीत शोधलं. कृषी प्रदर्शनातून एक पातळ पुस्तिका आणली. तिच्यात बारा आठवड्यांत वजन किती भरतं, एका पिंजऱ्यात किती मावतात, विष्ठेचं खत कसं होतं, सगळं आहे. शेवटच्या पानावर रस्सा आहे. ते पान लेकीने स्टेपलरच्या सहा पिना मारून बंद केलंय. आमचे ससे सोफ्याखाली राहतात, टीव्हीची वायर कुरतडतात आणि सासूबाईंच्या मांडीवर झोपतात. त्यांच्यासाठी काय वाचायचं?

इंग्रजीत नेटवर ढीगभर आहे, पण तिथला ससा वेगळ्याच देशात राहतो. टिमोथी द्या, अल्फाल्फा देऊ नका, खोली वीस अंशाच्या आसपास ठेवा. भुसावळात वीस अंश डिसेंबरच्या सकाळी चहाच्या वेळेपुरते असतात. मे महिन्यात इथे पंचेचाळीसच्या वर जातं. गेल्या उन्हाळ्यात ढेप फरशीवर आडवी होऊन तोंडाने श्वास घेत होती. कान ओले केले, कुलरसमोर नेलं, वाचली. यंदा त्याआधी शहाणं व्हायचंय.

इथले डॉक्टर भला माणूस, पण गायी-म्हशी-बकऱ्यांचे. ढेपला शिंका सुरू झाल्या तेव्हा त्यांनी मोकळेपणाने विचारलं, "ताई, सशाचं माझं काम कमी आहे, तुम्ही काही वाचलंय का?" म्हणजे मला दोन पुस्तकं हवीत. एक मला आणि लेकीला कळेल असं, दुसरं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवता येईल असं. इंग्रजी चालेल, शब्दकोश घेऊन बसेन. फक्त वाचलेलंच सुचवा प्लीज, दुकानाच्या साइटवरचे तारे बघून नको.

पुस्तकवाळवी

ताई, पिल्लांचं वाचून वाईट वाटलं.

पहिल्या खणात बसणारं पुस्तक म्हणजे मरिनेल हॅरिमन यांचं ‘हाउस रॅबिट हँडबुक’. पहिली आवृत्ती १९८५ ची, नंतर सुधारत गेलंय, मिळेल ती नवी घ्या. ससा अंगणातल्या पेटीत न ठेवता घरात माणसांबरोबर कसा ठेवायचा, हाच त्याचा विषय. शू-शीची जागा ठरवून देणं, वायरी वाचवणं, कान मागे टाकले म्हणजे काय आणि मागचा पाय आपटला म्हणजे काय, हे त्यात आहे. तुमच्या सोफ्याखालच्या मंडळींसाठीच लिहिलंय म्हणा. याच बाईंनी पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ काढली, तिच्या साइटवरचे लेख फुकट वाचता येतात. पुस्तक यायला वेळ लागेल, तोवर लेख वाचा.

लेकीला सशाचं मन कळावं असं वाटत असेल तर रोनाल्ड लॉकली यांचं ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट’, १९६४ चं. वेल्समधल्या रानसशांचं वर्षानुवर्षं केलेलं निरीक्षण आहे. पाळण्याबद्दल त्यात काही नाही, पण ढेप तशी का वागली ते त्यात नीट कळतं. बिळातल्या पिल्लांजवळ आई जितकी कमी जाईल तितका शिकाऱ्याला वास कमी. रिचर्ड ॲडम्सनी ‘वॉटरशिप डाउन’ ही १९७२ ची कादंबरी लिहिताना लॉकलींचाच आधार घेतला होता. ती मात्र सहावीच्या मुलीला एकटीला देऊ नका. सशांची गोष्ट आहे म्हणून गोड असेल असं वाटतं, पण आत बरंच रक्त आहे. मी मोठेपणी वाचली आणि तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

कडबाकुट्टी

राम राम. चोपड्याकडचा शेतकरी. पूर्वी वीस-पंचवीस ससे होते, आता नाहीत. रश्श्याचं विचारू नका.

ससेपालनाच्या पुस्तकांवर एवढं तोंड वाकडं करू नका ताई. घरात ससा ठेवणाऱ्यांची पुस्तकं गार देशातली, उन्हाचं त्यांना काय कळणार? उष्ण मुलखाचा विचार धंदेवाल्यांनीच केला, कारण ऊन लागलं की त्यांचा पैसा जातो. लेबास आणि मंडळींचं, एफएओचं (म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) ‘द रॅबिट: हज्बंड्री, हेल्थ अँड प्रॉडक्शन’ घ्या. १९८६ चं, १९९७ मध्ये सुधारलेलं, एफएओच्या साइटवर फुकट आहे. मांसाची पानं ओलांडा. निवारा, हवा आणि उष्मा यांची पानं वाचा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते. तुम्ही कान ओले केले ते बरोबर केलं. तिशीच्या वर पारा गेला की नर महिना-दोन महिने निकामी होतो, हेही तिथेच वाचलं होतं. तुमच्या कापसाला आता त्याचं सोयरसुतक नाही म्हणा.

इथला उपाय सांगतो. फुटका माठ आडवा ठेवायचा, वरून ओलं गोणपाट. खाली शहाबादी फरशीचा तुकडा. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, ससा स्वतः येऊन टेकतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवू नका, कुलर असला तरी. आणि घाबरून गार पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच जातो.

आता ते टिमोथी. लेबल बघून घाबरू नका, टिमोथी म्हणजे एक वाळलेलं गवत, झालं. आपल्याकडे हरळी आहे, मारवेल आहे. सावलीत वाळवा, रंग हिरवट राहिला पाहिजे. आणि अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास.

भुसावळकरीण

काय सांगता दादा! अल्फाल्फा म्हणजे लसूणघास?

मी रोज सकाळी दूधवाल्या भाऊकडून जुडी घेते लसूणघासाची. दोन वर्षं. आणि नेटवर "अल्फाल्फा देऊ नका" वाचून समाधानाने मान हलवायचे, की बरं झालं, आपण हे परदेशी काही देतच नाही.

मग आता विचारतेच. कापसाची शू गेला महिनाभर पांढरट, दाट येते. फरशीवर वाळली की चुन्याचा डाग पडल्यासारखं दिसतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

गोठ्यातला डॉक्टर

आहे. मी निवृत्त पशुवैद्य, सगळी नोकरी धुळे-नंदुरबारकडे गुरांतच गेली. सशांचं जे शिकलो ते नातवाने ससा आणल्यावर, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांची अडचण मला पक्की ठाऊक आहे.

लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर असतात. वाढत्या पिल्लाला आणि पाजणाऱ्या मादीला तो चांगला. सहा-सात महिन्यांपुढच्या सशाला रोज नको. इतर जनावरं जास्तीचं कॅल्शियम बरंचसं शेणावाटे टाकतात, ससा ते लघवीवाटे टाकतो, म्हणून तो चुना. थोडा ढगाळपणा असू शकतो, पण दाट, चिकट येत असेल किंवा शू करताना कण्हत असेल तर याच आठवड्यात तपासून घ्या. घास एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत कमी करत न्या आणि हरळी वाढवा. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा, जास्त पितात. अधूनमधून तांबडी शू दिसली तर लगेच रक्त समजू नका, पाल्यातल्या रंगाचीही येते.

डॉक्टरांच्या टेबलासाठी ‘बीएसएव्हीए मॅन्युअल ऑफ रॅबिट मेडिसिन’ (बीएसएव्हीए म्हणजे लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची ब्रिटिश संघटना), मेरेडिथ आणि लॉर्ड यांनी संपादित केलेलं, २०१४ चं. किंवा ‘टेक्स्टबुक ऑफ रॅबिट मेडिसिन’, मूळ फ्रान्सेस हारकोर्ट-ब्राउन यांचं. दोन्ही महाग. तुम्ही विकत घेऊ नका, डॉक्टरांना नाव लिहून द्या. घ्यायचं की नाही ते ठरवतील.

पण पुस्तक येईपर्यंत दोन गोष्टी कागदावर लिहून त्यांच्याकडे द्या. एक, अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिन गटातली औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नाहीत. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा जातो. माणसाच्या सर्दीचं घरात उरलेलं सिरप तर कोणीच पाजू नये. दोन, कुत्र्याच्या गोचिडांवर मिळणारं फिप्रोनिल सशाला विषारी आहे. हे दोन्ही कोणी मुद्दाम करत नाही. कुत्र्याला चालतं म्हणून सशाला दिलं जातं.

आणि घरच्यांसाठी: सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या, की रात्र असली तरी डॉक्टर गाठा. "उद्या बघू" हे गाईला चालेल. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं पोट थांबून चालत नाही.

केळीचं पान

मध्येच विचारते. आमच्याकडे रावेरला केळीला तोटा नाही. आमचा ससा केळं बघितलं की वेडा होतो. पुस्तकं काय म्हणतात?

पुस्तकवाळवी

वेडा होतो म्हणूनच जपून. नखाएवढा तुकडा, तोही कधीमधी. साखर आहे ती. पान खुशाल द्या.

गाजराचंही तसंच. सशाचा आहार गाजर, हे चित्रांतून आलंय. रोजच्या खाण्यात मोठा वाटा वाळल्या गवताचा पाहिजे, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला गवतच लागतं. गाजराचा पाला मात्र चांगला. पण गाजरगवत नव्हे हं! हसू नका, नावावरून तोडून आणणारे भेटलेत मला.

कडबाकुट्टी

गाजरगवताचं बरोबर. पुस्तकात नसलेलं आणखी थोडं. कपाशीच्या बांधावरचं गवत आणायचं नाही, कितीही लुसलुशीत दिसो, फवारणी उडालेली असते. कोवळी ज्वारी नको, गुरांना किराळ लागते तेच विष. वाळल्या कडब्याची पानं चालतात. वांग्याचा पाला नको. भरिताची वांगी घरात आली की देठं-पानं सशापुढे टाकायची सवय असते, ती मोडा.

भुसावळकरीण

सगळ्यांचे आभार. एक वही केली आहे. डाव्या पानावर पुस्तकातला शब्द, उजव्या पानावर आपला. पहिली ओळ अल्फाल्फा – लसूणघास, लेकीने लाल पेनाने लिहिलीय. दुसरी टिमोथी, समोर हरळी, मारवेल. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मंग कळण्याची भाकर कोन्त्या पानावर हाय?" म्हणजे त्या गुपचूप भाकरी देत होत्या हेही आज कळलं.

हॅरिमनबाईंचं पुस्तक मागवलंय. एफएओचं फोनवर उतरवून घेतलं. औषधांचा कागद काल डॉक्टरांना दिला, त्यांनी तो काचेखाली सरकवून ठेवला आणि पुस्तकाचं नाव स्वतःच्या डायरीत उतरवून घेतलं. कापसाला तपासलंय, मूत्राशय हाताला भरलेलं लागतं म्हणाले, फोटोसाठी पुढच्या आठवड्यात जळगावला जायचं आहे.

कडबाकुट्टी दादा, एक राहिलं. हरळी गच्चीवर वाळवावी तर ऊन दोन तासांत पार पिवळी करतं, जिन्यात वाळवावी तर बुरशीचा वास येतो. काय करू?

कडबाकुट्टी

गच्चीवर खाट उलटी टाका, वर जुनी साडी. खाली पसरा, खेटून नको, बोटभर थर. दिवसातून दोनदा हलवा. बुरशीचा वास आला ती उकिरड्यावर, "थोडीशीच आहे" म्हणून घालू नका. आणि जळगावला न्याल तेव्हा पहाटेच्या गाडीने जा.