बोटीच्या लोनचा हप्ता थकायला आलाय, बँकेला कसं सांगू?

हर्णैला आमची बोट आहे. यंदा मासळीच नाय, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं अंगावर, आता १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी, हप्ता कुठून भरू? बँकेत जायचीच लाज वाटते.

— दादा लाज कसली, हप्ता चुकायच्या आधीच जा. ९० दिवसांवर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं, मग मॅनेजरचेपण हात बांधलेले. तोंडी नको, लेखी अर्ज द्या, मासळी विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिलं जोडा आणि पोच घ्या, पोच विसरू नका!!

— काय हवंय ते नेमकं लिहा. मुदत वाढवा किंवा बंदीत फक्त व्याज घ्या, असं. आम्ही २०२० च्या लॉकडाऊनला मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत घेतली, वाटलं सहा महिने सुटलो, पण व्याज चालूच होतं, लोन लांबलं. आधी एकूण किती भरावं लागेल तो आकडा विचारा.

— वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. बँकेने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, फुकट आहे. सावकाराकडे मात्र जाऊ नका हो, हात जोडतो.

— उद्याच जातो. पावत्या बायकोने जपून ठेवल्यात.