‘निव्वळ शून्य’ म्हणजे नक्की किती शून्य?

खाडीकाठ:
सोसायटीच्या फळ्यावर मुंबईच्या वातावरण कृती आराखड्याबद्दल चार ओळी लिहिल्या. ‘२०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन’. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वाचून म्हणाले, “निव्वळ शून्य? मग लिहिलंत कशाला?” त्यांच्या कानाला ते ‘निव्वळ मूर्खपणा’च्या चालीवर लागलं. शाळकरी पोरं वेगळ्याच कारणाने खिदळत होती. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं! दुसरे शब्द सुचवा.

ताळेबंद:
‘निव्वळ’ राहू द्या. हा वहीखात्यातला निव्वळ, निव्वळ नफ्यातला. शहराने हवा तापवणारा जेवढा वायू (कार्बन डायऑक्साइड वगैरे) सोडला, त्यातून झाडांनी, खारफुटीने किंवा आणखी कशाने शोषलेला वजा जाता उरतो तो. घोटाळा शब्दक्रमाचा आहे. ‘निव्वळ’ शून्याला चिकटवलं की ते ‘शून्यच शून्य’ होतं. ‘निव्वळ उत्सर्जन शून्य’ असं लिहून बघा, जागेवर बसतं. त्याच्या जोडीचा ‘ढोबळ’ मात्र वापरू नका, ‘ढोबळ आकडा’ म्हणजे लोक अंदाजपंचे समजतात. ‘एकूण’ म्हणा. आराखड्यात २०१९ सालचं एकूण उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरलंय. ते २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के कमी करायचंय. देशाची मुदत २०७० आहे, म्हणजे मुंबईने वीस वर्षं आधीची तारीख दिली.

खाडीकाठ:
आणि ‘उत्सर्जना’ऐवजी साधा ‘धूर’?

ताळेबंद:
अजिबात नको. धूर म्हटलं की लोक रिक्षा-ट्रककडे बोट दाखवून मोकळे होतात. वाहतुकीचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास आहे. ७२ टक्के ऊर्जेचा, त्यातही मुख्यतः इमारतींत जळणाऱ्या विजेचा. तुमच्या बेडरूममधला एसी धूर सोडत नाही, पण त्याच्या विजेसाठी कोळसा कुठेतरी जळतोच. पोरं खिदळली तर खिदळू देत, शब्द लक्षात तरी राहील.

काळी माती:
कार्बनला ‘कर्ब’ का नाही म्हणत कुणी? आमच्या गावाकडे हा रोजचा शब्द आहे. मामांच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.४ टक्का आलाय, तो वाढवा म्हणून सगळे मागे लागलेत. मुंबईत कर्ब कमी करायचाय असं मी सांगितलं, तर म्हणाले, “इकडे पाठवा की मग!” गंमत वाटली, पण चूक काय आहे? देवनारच्या कचराभूमीत कुजून मिथेन (तोही हवा तापवणारा वायूच) होणारा ओला कचरा खत होऊन शेतात गेला असता, तर त्यातला थोडा तरी कर्ब मातीत राहिला असता.

खाडीकाठ:
म्हणजे एकच शब्द, तिकडे हवा आणि इकडे नको. फळ्यावर हे कसं मावणार? बरं, एक राहिलंच. ‘वातावरण’ की ‘हवामान’?

ताळेबंद:
भूगोलाच्या पुस्तकात हवा आजची आणि हवामान वर्षानुवर्षांच्या सरासरीचं. त्या हिशेबाने ‘हवामान बदल’च बरोबर. पण हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात ते रोजचंच. राज्याच्या खात्याने ‘वातावरणीय बदल’ घेतलंय. मला ते आवडत नाही, ‘घरातलं वातावरण तापलंय’ आठवतं. तुमच्या फळ्यावर आराखड्याचं नाव आहे तसं ठेवा, बाकी सगळीकडे हवामान.

खाडीकाठ:
फळा पुसून ‘निव्वळ उत्सर्जन शून्य’ लिहिलं. आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “वजा काय काय करणार, त्याची यादी कुठाय?”